नाव, लेबल आणि व्याख्या : तालिकाकाराच्या नजरेतून विकिडेटा

विकिडेटा ही सेवा, म्हणजे विकिपीडियाच्या परिवारातला, कुणालाही भर घालता येणारा माहितीसंच, मी गेली काही वर्षे ग्रंथालयाच्या तालिकेसाठी (कॅटलॉगसाठी) नियमित वापरते आहे. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी सुरू झालेली ही सेवा विनामूल्य आहे, तिच्यातील माहिती कुणालाही कोणत्याही कामासाठी परवानगीवाचून वापरता येते आणि तिच्यात आज दहा कोटींहून अधिक नोंदी आहेत. मात्र नोंदींच्या संख्येवरून तिची पारख करू नये, असे माझे मत आहे. वस्तूला जगात असलेले नाव, नोंदीवर आपण लावलेले लेबल आणि संकल्पनेची हद्द आखणारी व्याख्या, या तीन गोष्टी एखादी व्यवस्था किती काटेकोरपणे वेगळ्या ठेवते, यावरून तिची पारख व्हावी. या कसोटीवर विकिडेटा नाव आणि लेबल यांच्या बाबतीत फार चांगली उतरते आणि व्याख्येच्या बाबतीत उणी पडते. ज्यांच्या हाती ग्रंथालयाची, संग्रहालयाची किंवा दफ्तरखान्याची सूची आहे, त्यांनी ती अवश्य वापरावी, पण हे उणेपण आधी समजून घ्यावे.

ही कसोटी मला एका दाखल नोंदवहीने, म्हणजे ग्रंथालयात आलेले प्रत्येक पुस्तक टिपून ठेवण्याच्या वहीने, शिकवली. नागपुरातल्या एका जुन्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या नोंदी संगणकावर घ्यायच्या होत्या. कापडी पाठीच्या त्या मोठ्या वहीत एका रकान्याच्या डोक्यावर नुसते ‘नाव’ असे लिहिलेले होते. सुरुवातीच्या पानांवर त्या रकान्यात ग्रंथाचे शीर्षक होते, मध्येच हस्ताक्षर बदलले आणि तिथून पुढे ग्रंथकाराचे नाव येऊ लागले, आणि देणगीदाखल आलेल्या पुस्तकांच्या पानांवर त्याच रकान्यात देणगीदाराचे नाव होते. लिहिणाऱ्या तिघांपैकी एकालाही दोष देता येत नाही, कारण रकान्याला लेबल होते, पण त्याची व्याख्या कुणी लिहून ठेवलेली नव्हती. शेजारच्या ‘दिनांक’ या रकान्यात कुठे प्रकाशनाचे वर्ष होते, कुठे बिलाचा दिनांक, तर कुठे पुस्तक दाखल झाल्याचा दिवस. संगणकीकरणाचे काम घेतलेल्या मंडळींनी हे रकाने जसेच्या तसे उचलून त्यांना ‘नेम’ आणि ‘डेट’ अशी इंग्रजी लेबले दिली आणि काम पूर्ण झाल्याचे कळवले. त्यानंतर कपाटातून एकेक पुस्तक काढून, मुखपृष्ठामागचे पान उघडून, आम्हाला हजारो नोंदी पुन्हा तपासाव्या लागल्या.

संज्ञाशास्त्राने, म्हणजे पारिभाषिक शब्दांच्या शास्त्राने, या गोंधळाचे निदान केव्हाच करून ठेवले आहे. ऑयगेन व्यूस्टर या ऑस्ट्रियन अभियंत्याने १९३१ मध्ये तांत्रिक भाषेच्या प्रमाणीकरणावर जो प्रबंध प्रसिद्ध केला, तिथून या शास्त्राची सुरुवात मानली जाते. त्याच्या विचाराचा गाभा असा की आधी संकल्पना निश्चित करावी आणि मग तिला संज्ञा द्यावी. शब्दकोशकार शब्दापासून निघून अर्थाकडे जातो, संज्ञाकार संकल्पनेपासून निघून शब्दाकडे येतो. आपल्याकडे ग्रंथालयशास्त्रज्ञ शियाळी रामामृत रंगनाथन यांनी वर्गीकरणाच्या संदर्भात कल्पनेची पातळी, शब्दाची पातळी आणि अंकनाची (खुणेच्या क्रमांकाची) पातळी अशा तीन पातळ्या मांडल्या, आणि ग्रंथालयशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने त्या परीक्षेसाठी पाठ केलेल्या असतात. विकिडेटा वापरू लागल्यावर मला त्या तीन पातळ्या प्रथमच डोळ्यांसमोर, एकाच पडद्यावर, एकमेकींपासून सुट्या दिसल्या.

पडद्यावर काय दिसते ते सांगते. विकिडेटातील प्रत्येक नोंदीला ‘क्यू’ या अक्षराने सुरू होणारा एक क्रमांक असतो, आणि तो क्रमांक हीच त्या नोंदीची ओळख असते. त्याखाली प्रत्येक भाषेसाठी एक ओळ असते : एक लेबल, एक छोटे वर्णन आणि हवी तेवढी इतर नावे. लेबल एका भाषेत एकच असते, इतर नावांना मर्यादा नाही. सीताबर्डीला नागपुरात बहुतेक जण नुसते ‘बर्डी’ म्हणतात, फुटाळा तलावाला तेलंगखेडी तलाव असेही नाव आहे, विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव दिले गेल्यानंतरही जुनी माणसे रिक्षावाल्याला ‘सोनेगाव’ असेच सांगतात. यांपैकी एक रूप लेबलच्या जागी जाते, उरलेली इतर नावांत जातात, आणि शोधणाऱ्याने कोणतेही रूप टाइप केले तरी तो एकाच नोंदीपाशी पोहोचतो. तालिकेत ‘पाहा’ म्हणून आपण जी संदर्भपत्रे वर्षानुवर्षे लिहीत आलो, त्यांचेच हे काम आहे, आणि ते येथे पत्रे न लिहिता होते.

उलट प्रसंग अधिक बोधक आहे. नागपुरात विदर्भ क्रिकेट असोसिएशनची दोन मैदाने आहेत, एक सिव्हिल लाइन्समधले जुने आणि दुसरे जामठ्याचे. वृत्तपत्रांच्या कात्रणांत दोन्हींना सर्रास ‘व्हीसीएचे मैदान’ म्हटलेले असते. विकिडेटात दोन वेगळ्या नोंदींना एकच लेबल देता येते. एका भाषेत लेबल आणि वर्णन ही जोडी मात्र दोन नोंदींना सारखी चालत नाही. म्हणजे लेबल सारखे असले, तर वर्णनात फरक करणे भाग पडते. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. लेबल अद्वितीय असावे असा हट्ट धरला, की माणसे लेबलातच कंस, आकडे आणि जिल्ह्यांची नावे कोंबू लागतात, आणि मग ते लेबल कुणी कधी उच्चारीत नाही असे एक कृत्रिम नाव होऊन बसते. ओळख पटवण्याचे काम क्रमांकाकडे आणि वेगळेपण दाखवण्याचे काम वर्णनाकडे दिल्यामुळे लेबलला माणसांच्या तोंडचे रूप ठेवता येते.

नाव आणि लेबल यांतला फरक मात्र नवख्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही, म्हणून त्यावर थोडे थांबते. आपल्या विद्यापीठाची स्थापना १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ म्हणून झाली आणि २००५ मध्ये त्याचे नामांतर होऊन ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ झाले. आता १९७२ सालचा एखादा प्रबंध तालिकेत घेताना त्याच्या मुखपृष्ठावर ‘नागपूर विद्यापीठ’ असे छापलेले असते. तेथे आजचे नाव लिहिले तर छापील पुराव्याशी प्रतारणा होते, आणि जुने नाव लिहिले तर एकाच संस्थेचे प्रबंध दोन ठिकाणी विखुरतात. ही अडचण नाव आणि लेबल एकाच रकान्यात कोंबल्यामुळे आलेली आहे. विकिडेटात लेबल हे केवळ दर्शनी असते, ते आज काय दाखवायचे एवढेच सांगते. संस्थेला प्रत्यक्ष असलेले नाव हे त्या संस्थेविषयीचे एक विधान म्हणून स्वतंत्रपणे नोंदवता येते. त्यासाठी ‘अधिकृत नाव’ असा गुणधर्म, म्हणजे विधानाचा ठरलेला रकाना, आहे, त्याचा क्रमांक पी१४४८, आणि प्रत्येक नावाला ते केव्हापासून केव्हापर्यंत चालले याच्या तारखा व पुराव्याचा संदर्भ जोडता येतो. नाव हे जगातले तथ्य आहे, त्याला आरंभ असतो, शेवट असतो, शासनाचा निर्णय असतो. लेबल ही आपली सोय आहे. सोय उद्या बदलली तरी तथ्य जागचे हलत नाही. माझ्या कामात या एका भेदाने जेवढी भांडणे मिटवली, तेवढी दुसऱ्या कशाने मिटवली नाहीत.

रकान्यांच्या बाबतीतही हीच शिस्त पाळलेली दिसते. विकिडेटात ‘प्रकाशन दिनांक’ या गुणधर्माची ओळख पी५७७ ही आहे. त्याचे मराठी लेबल कुणी ‘प्रकाशनाची तारीख’ असे केले, तरी खालच्या लक्षावधी नोंदींना धक्का लागत नाही. येथे ‘नाव’ या शब्दाचा दुसरा अर्थ समोर येतो आणि तो समजून घेतला नाही तर वाचक गोंधळतो. मेटाडेटाच्या (माहितीविषयीच्या माहितीच्या) मानकांत घटकाचे ‘नाव’ म्हणजे यंत्रासाठी ठरवलेली न बदलणारी खूण. १९९५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी झालेल्या बैठकीतून जे डब्लिन कोअर मानक निघाले, त्याच्या आजच्या संज्ञासूचीत प्रत्येक घटकापुढे नाव, लेबल आणि व्याख्या या बाबी वेगवेगळ्या ओळींत दिलेल्या असतात. एका घटकाचे नाव ‘इश्यूड’ आहे, लेबल ‘डेट इश्यूड’ आहे, आणि व्याख्या सांगते की साधन (म्हणजे ग्रंथ, अहवाल असे काहीही) औपचारिकरीत्या प्रसृत झाल्याचा दिनांक. तसाच ‘क्रिएटेड’, म्हणजे निर्मितीचा दिनांक, हा वेगळा घटक आहे. आमच्या नोंदवहीतला ‘दिनांक’ असा फोडून मांडलेला असता, आणि प्रत्येकाखाली एका ओळीची व्याख्या असती, तर कपाटे पुन्हा उघडण्याची वेळ आली नसती.

संकल्पना आणि शब्द यांची गाठ किती फसवी असते याचे नागपूरच्या माणसाला सगळ्यांत जवळचे उदाहरण संत्र्याचे आहे. इंग्रजीत ‘ऑरेंज’ या एका लेबलाखाली विकिडेटात फळ आहे, रंग आहे, फ्रान्समधली दूरसंचार कंपनी आहे, आणि त्या सर्वांच्या नोंदी अर्थातच वेगळ्या आहेत. खरा गुंता फळातच आहे. युरोप-अमेरिकेत ‘ऑरेंज’ म्हटले की जे घट्ट सालीचे गोड फळ डोळ्यांसमोर येते, ते आपल्या मोसंबीच्या कुळातले. नागपुरी संत्रे हे मँडरिन, शास्त्रीय नाव सिट्रस रेटिक्युलाटा. त्याची साल बोटाने सहज सुटते आणि फोडी एकमेकींपासून अलग होतात. तरी २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले ते ‘नागपूर ऑरेंज’ या नावाने. नाव म्हणून ते अचूक आहे, कारण बाजारात ते त्याच नावाने प्रसिद्ध आहे. पण त्या नावातील ‘ऑरेंज’ वाचून कुणी नोंदीचा दुवा गोड ऑरेंजला जोडला, तर नाव बरोबर आणि संकल्पना चुकीची अशी स्थिती होते. व्यूस्टरने संकल्पनेला पहिला मान का दिला, ते येथे हातात फळ घेऊन पटते. त्यात पुन्हा आपल्याकडचे ‘आंबिया’ आणि ‘मृग’ : संत्रा मार्केटमध्ये आडत्या ‘आंबिया आला’ म्हणतो तेव्हा तो वेगळ्या जातीविषयी बोलत नसतो, त्याच झाडाच्या एका बहाराविषयी बोलत असतो. कृषी विषयाच्या एका सूचीत मी ‘आंबिया’ ही संत्र्याची जात म्हणून नोंदलेली पाहिली आहे. ती चूक लेबलाची नव्हती. लेबल अगदी बाजारातलेच होते, व्याख्या नसल्यामुळे ते चुकीच्या खणात गेले.

येथून मी या सेवेच्या उणिवेकडे येते. विकिडेटात व्याख्येसाठी जागा नाही. वर्णन आहे, पण वर्णनाचे काम सारख्या लेबलांच्या दोन नोंदी वेगळ्या ओळखू याव्यात एवढेच आहे, आणि तेथे पूर्ण वाक्यही अपेक्षित नसते. ‘महाराष्ट्रातील शहर’ हे वर्णन नागपूरला इतर नागपुरांपासून वेगळे करते, पण नागपूर महानगरपालिकेची हद्द, नागपूर तालुका, नागपूर जिल्हा, नागपूर विभाग आणि भोसल्यांचे नागपूर राज्य यांपैकी नेमके काय अभिप्रेत आहे, हे ते ठरवून देत नाही. मेटाडेटाच्या नोंदणीविषयीच्या आयएसओ/आयईसी १११७९ या मानकाचा चौथा भाग खास व्याख्यांच्या लेखनासाठी आहे, आणि त्यातले नियम प्रत्येक तालिकाकाराने टेबलाच्या काचेखाली ठेवावेत असे आहेत. व्याख्या एकवचनात असावी, संकल्पना काय आहे ते सांगावे, केवळ काय नाही ते सांगू नये, व्याख्येच्या पोटात दुसरी व्याख्या घुसवू नये, आणि व्याख्या फिरून स्वतःपाशी येऊ नये. ‘प्रकाशन दिनांक म्हणजे ग्रंथ प्रकाशित झाल्याचा दिनांक’ हे वाक्य आपल्याकडच्या कितीतरी तपशीलपत्रकांत आढळते, आणि ते शेवटच्या नियमावर सपशेल पडते, कारण प्रकाशित होणे म्हणजे काय हे त्यात कुठेच नाही.

विकिडेटाच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे की व्याख्येचा मसाला तेथे विखुरलेल्या स्वरूपात असतो. शास्त्रशुद्ध व्याख्या आधी वरचा वर्ग सांगते आणि मग त्या वर्गातील इतरांपासून वेगळे करणारे लक्षण सांगते. विकिडेटात ‘कशाचा प्रकार’ आणि ‘कशाचे उदाहरण’ असे दोन गुणधर्म वरचा वर्ग दाखवतात आणि बाकीची विधाने लक्षणे पुरवतात. परंतु त्यांतली कोणती लक्षणे आवश्यक आणि कोणती आनुषंगिक, हे वाचणाऱ्यालाच ठरवावे लागते. या बाबतीत २००९ मध्ये डब्ल्यू३सी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने शिफारस केलेली स्कॉस ही संज्ञासूचींची मांडणी सरस आहे. तिच्यात एका भाषेत एकच मुख्य लेबल, हवी तितकी पर्यायी लेबले, चुकीच्या वर्णलेखनासाठी केवळ शोधापुरते छुपे लेबल, आणि या सर्वांहून अलग अशी व्याख्येची व वापराच्या टिपेची जागा आहे. मराठीला ते छुपे लेबल फार उपयोगी पडले असते. ‘नागपूर’ लिहिणारा मराठी माणूस आणि ‘नागपुर’ लिहिणारा हिंदी भाषक या शहरात एकाच काउंटरवर येतात, आणि ‘नागपुरात’, ‘नागपुरी’ अशा रूपांत मराठीतही ऊकार ऱ्हस्व होतो. विकिडेटात हे सारे इतर नावांतच घालावे लागते.

या उणिवेचा फटका मला बसलेला आहे. ओपनरिफाइन या मोफत साधनाने तक्त्यातील मजकूर विकिडेटाच्या नोंदींशी घाऊक जुळवता येतो, आणि काम झपाट्याने होते. आमच्या संग्रहातील शासकीय प्रकाशनांच्या ‘शासन’ या रकान्यात शेकडो ठिकाणी ‘मध्य प्रदेश’ असे होते. लेबल तंतोतंत जुळले, मी सर्वांना एकत्र मान्यता दिली, आणि १९५०च्या दशकात नागपुरात छापलेले अहवाल आजच्या भोपाळच्या राज्याखाली जाऊन बसले. वस्तुस्थिती अशी की मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांताचे १९५० मध्ये मध्य प्रदेश झाले तेव्हा त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ च्या पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि मध्य प्रदेश हेच नाव धारण करणाऱ्या नव्या रचनेच्या राज्याची राजधानी भोपाळ झाली. नाव एक, लेबल एक, पण प्रदेश वेगळा, राजधानी वेगळी, शासनाचा दफ्तरखाना वेगळा. याला एक संकल्पना मानायचे की दोन, हा निर्णय व्याख्येनेच होतो, आणि तो निर्णय यंत्रावर सोपवता येत नाही.

वापराविषयी थोडक्यात. खाते उघडणे सोपे आहे, देवनागरी टंकनाला अडचण येत नाही, आणि मराठी लेबल नसेल तेथे दुसऱ्या भाषेतील लेबल दाखवले जाते, त्यामुळे पडदा रिकामा दिसत नाही. तसे दिसले की मी लगेच मराठी लेबल भरते, त्याला अर्धे मिनिटही लागत नाही. अनेक नोंदींची मराठी वर्णने बॉटने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमने, घातलेली, साचेबंद आहेत आणि ती सुधारण्यास मोठा वाव आहे. कुणीही बदल करू शकतो याची भीती मला पूर्वी वाटत असे, पण प्रत्येक बदलाचा इतिहास उघड असतो आणि चुकीचा बदल परत फिरवता येतो, म्हणून आता ती वाटत नाही. लहान ग्रंथालयांना माझे सांगणे एवढेच की आपल्या नोंदीत विकिडेटाचा क्रमांक आणि मुखपृष्ठावरचा मूळ मजकूर हे दोन्ही ठेवावेत, एकासाठी दुसरे पुसू नये.

व्याख्यांसाठी आम्ही आता वेगळी वही ठेवली आहे. प्रत्येक रकान्याला एक पान, वर न बदलणारी खूण, त्याखाली मराठी लेबल, त्याखाली एका वाक्याची व्याख्या, आणि तळाशी ती व्याख्या ज्या पुस्तकामुळे बदलावी लागली त्याचा दाखल क्रमांक. ‘शासन’ या रकान्याच्या पानावर आता असे लिहिलेले आहे : ‘प्रकाशनाच्या वेळी ज्या प्रदेशावर अधिकार होता त्या प्रदेशासह ओळखले जाणारे, प्रकाशनास जबाबदार असलेले शासन.’ या वाक्याच्या आधाराने १९५३ चे अहवाल भोपाळखालून काढून नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशाखाली आणण्याचे काम सध्या चालू आहे, आणि मुखपृष्ठावर जे छापले आहे ते ‘मध्य प्रदेश’ असेच, अक्षरही न बदलता, शेजारच्या रकान्यात राहिले आहे.